आजारपणाची रजा आणि परतीचा प्रवेश

नोकरी करणाऱ्याला आजारपणाची रजा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. रजेचा अर्ज, डॉक्टरांचा दाखला आणि बरे वाटल्यावर पुन्हा त्याच टेबलावर हजर. विद्यार्थ्याचे तसे नसते. त्याचे टेबल म्हणजे चालू सत्र, आणि ते कोणासाठी थांबत नाही. तो अंथरुणावर असताना तासिका होत राहतात, अंतर्गत परीक्षा उरकल्या जातात, बरोबरचे मित्र पुढच्या वर्गात जातात. शस्त्रक्रियेसाठी, क्षयरोगाच्या उपचारांसाठी, अपघातानंतरच्या विश्रांतीसाठी किंवा नैराश्य, तीव्र चिंताविकार यांसारख्या मानसिक आजारासाठी एखाद्याला चार-सहा महिने अभ्यास सोडावा लागला, तर विद्यापीठ त्याचे काय करते, हा प्रश्न म्हणूनच दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे.

जगभरच्या विद्यापीठांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. रजा किती सहज मिळते, यावरून त्यांची परीक्षा होत नाही. रजा संपवून परतणारा तरुण विद्यापीठाच्या दारात विद्यार्थी म्हणून उभा असतो की पुन्हा एकदा अर्जदार म्हणून, हा खरा निकष आहे. कारण परतीची खात्री नसेल, तर आजारी विद्यार्थी आजार लपवतो. मानसिक आजाराच्या बाबतीत हे लपवणे जिवावर बेतू शकते.

एक शब्द, चार अर्थ

रजा या एकाच शब्दाखाली किमान चार वेगळ्या व्यवस्था मोडतात आणि पालकांचा गोंधळ बहुधा इथेच होतो. पहिली व्यवस्था म्हणजे हजेरीतील सूट. विद्यार्थी त्याच सत्रात राहतो, वैद्यकीय दाखल्याच्या आधारे त्याची गैरहजेरी क्षमापित केली जाते. भारतातील बहुतेक विद्यापीठांत हीच व्यवस्था परिचयाची आहे. दुसरी म्हणजे खरी शैक्षणिक रजा. सत्र किंवा वर्ष अधिकृतपणे बाजूला ठेवले जाते, प्रवेश कायम राहतो, परतीची तारीख ठरलेली असते. तिसरीत विद्यार्थी आपले नाव काढून घेतो. व्यवहारात तो विद्यापीठाचा राहत नाही आणि पुढे शिकायचे असल्यास पुनःप्रवेशासाठी अर्ज करतो. चौथी सक्तीची रजा. विद्यार्थ्याची इच्छा नसताना, त्याच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन विद्यापीठच त्याला घरी पाठवते.

अर्जावर या चौघींची नावे सारखी भासतात. वैद्यकीय रजा म्हणून सही केलेला कागद नियमावलीत प्रत्यक्षात नाव काढून घेण्याचा असू शकतो. मग वसतिगृहातील खोली, विमा, शिष्यवृत्ती, परदेशात असल्यास व्हिसा, सगळेच त्या एका शब्दावर अवलंबून राहते.

या विषयावर सर्वाधिक खटले, सर्वाधिक चर्चा आणि सर्वाधिक स्पष्ट नियम अमेरिकेत झाले. तेथील अनुभव मराठी घरांना दूरचाही नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ३,३१,६०२ होती आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिकची कितीतरी मुले त्यांत आहेत.

जबाबदारीची भीती

अमेरिकेत अपंग व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई करणारे दोन प्रमुख कायदे आहेत. एक १९७३ चा पुनर्वसन कायदा, त्यातील कलम ५०४ सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला लागू होते. दुसरा १९९० चा अपंगत्व कायदा. या दोन्ही कायद्यांच्या दृष्टीने गंभीर मानसिक आजार हेही अपंगत्व ठरू शकते. म्हणजे नैराश्याच्या कारणावरून विद्यार्थ्याला बाहेर काढणे हा भेदभाव असू शकतो. कागदावर हे १९९० पासूनच स्पष्ट होते. विद्यापीठांचा व्यवहार मात्र दुसऱ्याच एका भीतीने ठरत गेला.

एमआयटी या विख्यात संस्थेतील एका विद्यार्थिनीचा २००० साली वसतिगृहात मृत्यू झाला. आपल्या मुलीची अवस्था संस्थेतील अधिकाऱ्यांना ठाऊक होती, तरी त्यांनी पुरेशी पावले उचलली नाहीत, असा दावा तिच्या आईवडिलांनी केला. २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील न्यायाधीशांनी काही अधिकाऱ्यांविरुद्धचा दावा पुढे चालू ठेवण्यास परवानगी दिली. २००६ मध्ये तो तडजोडीने मिटला. पण तोवर देशभरातील विद्यापीठांच्या कायदेशीर सल्लागारांनी त्याचा अर्थ लावला होता. विद्यार्थी आपल्या आवारात असताना काही झाले तर आपण जबाबदार, मग त्याने आवारात राहूच नये!

या विचाराचे परिणाम त्याच काळात दिसू लागले होते. २००४ मध्ये वॉशिंग्टनमधील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील एक विद्यार्थी नैराश्यासाठी स्वतःहून रुग्णालयात दाखल झाला. रुग्णालयात असतानाच त्याच्या हाती विद्यापीठाचे पत्र पडले. त्याला वसतिगृहात परतण्यास मनाई होती आणि शिस्तभंगाच्या कारवाईची सूचना होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमधील एका विद्यार्थिनीने संकटाच्या क्षणी स्वतःच मदतीसाठी दूरध्वनी केला. रुग्णालयातून परतली, तेव्हा तिच्या खोलीचे कुलूप बदललेले होते. दोन्ही प्रकरणे न्यायालयात गेली आणि २००६ मध्ये तडजोडीने संपली. हंटर कॉलेजच्या प्रकरणात ६५ हजार डॉलर द्यावे लागले.

दोन्ही विद्यार्थ्यांनी मदत मागितली होती आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांचे छत गेले होते. अशी उदाहरणे वसतिगृहात वाऱ्यासारखी पसरतात. समुपदेशकाकडे जाऊ नये, गेलात तर खरे सांगू नये, असा सल्ला मग वरच्या वर्गातील मुलेच खालच्या वर्गातील मुलांना देऊ लागतात. नियम करणाऱ्यांना मुलांचा जीव वाचवायचा होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण नियमाची रचनाच अशी की, जो मदत मागतो तोच सापडतो.

२०१० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने सार्वजनिक संस्थांसाठीच्या अपंगत्वविषयक नियमांत ‘प्रत्यक्ष धोका’ या संकल्पनेची व्याख्या इतरांना असलेल्या धोक्यापुरती मर्यादित केली. हे नियम २०११ पासून लागू झाले. स्वतःला धोका आहे, एवढ्याच कारणावरून विद्यार्थ्याला दूर करण्याचा जुना आधार त्यामुळे डळमळीत झाला. २०१६ च्या डिसेंबरमध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने न्याय खात्याशी करार करून आपल्या रजेच्या नियमांत व सवलतींच्या पद्धतीत बदल मान्य केले. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी सक्तीच्या रजेविरुद्ध सामूहिक दावा लावला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. सक्तीची रजा हा अखेरचा उपाय असेल, प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्रपणे विचार होईल, आवारात राहून शिकता यावे यासाठी कोणत्या सवलती देता येतील हे आधी पाहिले जाईल आणि विद्यार्थ्याला अपील करता येईल, ही त्या तडजोडीतून आलेल्या नव्या धोरणाची प्रमुख सूत्रे होती.

उत्तरदायित्वाच्या भीतीलाही २०१८ मध्ये न्यायालयाने सीमा घातली. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने एमआयटीच्याच दुसऱ्या एका प्रकरणात निकाल दिला. विद्यार्थ्याने आत्महत्येचा प्रयत्न केल्याची किंवा तसा बेत बोलून दाखवल्याची प्रत्यक्ष माहिती विद्यापीठाला असेल, तरच त्याच्यावर मर्यादित स्वरूपाचे कर्तव्य येते, असे न्यायालयाने म्हटले. ठरलेली कार्यपद्धती पाळणे, ती नसेल तर योग्य वैद्यकीय मदत मिळवून देणे, विद्यार्थी मदत नाकारत असल्यास त्याच्या निकटवर्तीयांना कळवणे, असे त्या कर्तव्याचे स्वरूप. घरी पाठवून देणे त्यात बसत नाही.

येल विद्यापीठातील बदल

या साऱ्या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण येल विद्यापीठाचे. एका सामाजिक प्रतिष्ठानाने २०१८ मध्ये ‘आयव्ही लीग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आठ विद्यापीठांच्या रजेच्या नियमांना गुण दिले होते. एकालाही ‘डी प्लस’च्या वर श्रेणी मिळाली नाही आणि येल नापास झालेल्यांत होते.

येलमध्ये सत्राच्या सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत अर्ज केला, तर रजा मिळे. ती मुदत उलटल्यावर आजारी पडणाऱ्याला नाव काढून घ्यावे लागे. आजार तारीख पाहून येत नाही, त्यामुळे ज्यांना गरज होती त्यांतील बहुतेक जण दुसऱ्या वर्गात पडत. नाव काढले की ७२ तासांत वसतिगृह सोडायचे आणि परवानगीशिवाय आवारात यायचे नाही. परत यायचे तर नव्याने अर्ज, निबंध, शिफारसपत्रे, मुलाखती, शिवाय दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात दोन विषय घेऊन त्यांत चांगली श्रेणी मिळवून दाखवायची, अशा अटी अनेक वर्षे होत्या. ज्याला विश्रांतीसाठी घरी पाठवले, त्यानेच दरम्यान परीक्षा देऊन आपली योग्यता सिद्ध करायची, यातील विसंगती नियम करणाऱ्यांच्या लक्षात येऊ नये, हे नवलच म्हणायचे. गरीब घरच्या मुलांना तर त्या दोन विषयांचे शुल्कही जड जाई.

२०१५ च्या जानेवारीत येलच्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. पुनःप्रवेशाच्या नियमांची आपल्याला वाटणारी भीती तिने त्यापूर्वी लिहून ठेवली होती. विद्यापीठाने समिती नेमून काही बदल केले, पण चौकट तीच राहिली. २०२१ च्या मार्चमध्ये प्रथम वर्षाच्या आणखी एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांनी तिच्या नावाने संघटना काढली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने येलमधील नियमांवर सविस्तर वृत्तांत छापला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस या संघटनेने दोन विद्यार्थ्यांसह विद्यापीठाविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला.

त्यानंतरची पावले मात्र झपाट्याने पडली. जानेवारी २०२३ मध्ये येलने आजारपणासाठी नाव काढून घेण्याचा प्रकारच बंद केला आणि त्याजागी वैद्यकीय रजा आणली. हा नुसता शब्दाचा फरक नव्हता. रजेवर असलेला विद्यार्थी विद्यापीठाचाच राहणार होता. त्याला आरोग्य विमा चालू ठेवण्याची, आवारात येण्याची, ग्रंथालय वापरण्याची मुभा मिळाली. परतीची प्रक्रियाही सोपी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये दाव्यात तडजोड झाली. तीतून आणखी एक गोष्ट मिळाली, आणि ती कदाचित सर्वांत महत्त्वाची. तातडीची वैद्यकीय गरज असलेल्या विद्यार्थ्याला सत्रात केवळ दोन विषय घेऊन अर्धवेळ शिकता येऊ लागले. तोवर त्याच्यापुढे पूर्ण अभ्यासक्रम किंवा पूर्ण रजा हे दोनच पर्याय होते. मानसिक आजारातून सावरणाऱ्या अनेकांसाठी दिनक्रम, मित्र आणि थोडा अभ्यास हेही औषधाचेच काम करतात. चार भिंतींत एकटे बसवणे प्रत्येकाला मानवतेच असे नाही.

याचा अर्थ रजा वाईट, असा कोणी काढू नये. अनेक विद्यार्थी वेळेवर रजा घेऊन, उपचार घेऊन, पूर्ण बरे होऊन परततात आणि पदवी मिळवतात. त्यांच्या बाबतीत रजेनेच शिक्षण वाचवलेले असते. प्रश्न रजेचा नसून तिला जोडलेल्या अटींचा आहे.

व्हिसावरील विद्यार्थी

भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या नियमांखेरीज दुसरी एक नियमावली सांभाळावी लागते, ती स्थलांतर खात्याची. विद्यार्थी व्हिसा, म्हणजे एफ-१, पूर्णवेळ अभ्यासाच्या अटीवर दिलेला असतो. विद्यापीठाने रजा मंजूर केली म्हणजे स्थलांतर खात्यानेही केली, असे होत नाही. चांगले गुण मिळवणारी मुलेही इथे फसतात.

अमेरिकी नियमांत आजारपणासाठी सोय आहे. विद्यापीठातील नियुक्त अधिकारी, ज्याला तेथे डीएसओ म्हणतात, तो वैद्यकीय कारणास्तव विद्यार्थ्याला कमी विषय घेण्यास, किंवा आवश्यक असल्यास एकही विषय न घेता अमेरिकेत राहण्यास परवानगी देऊ शकतो. एका पदवी-पातळीसाठी ही सवलत एकूण बारा महिन्यांपेक्षा अधिक मिळत नाही. परवानगी आधी घ्यावी लागते. विषय सोडून मग सांगितले, तर व्हिसाच्या अटींचा भंग झालेला असतो. दाखलाही वाटेल त्याचा चालत नाही. तो परवानाधारक वैद्यकीय डॉक्टरचा किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा लागतो. विद्यापीठातील समुपदेशन केंद्रांत पुष्कळदा परवानाधारक समाजकार्यकर्ते समुपदेशक म्हणून काम करतात. त्यांचे समुपदेशन कितीही उपयुक्त असले, तरी या कामासाठी त्यांचे पत्र पुरत नाही.

उपचारासाठी मायदेशी यायचे असेल, तर मार्ग निराळा. डीएसओकडून अभ्यास थांबवण्याची अधिकृत नोंद करून घेतल्यावर देश सोडण्यासाठी पंधरा दिवस मिळतात. ही नोंद न करता परस्पर निघून आले, तर पुढे अडचण येते. अमेरिकेबाहेरचा मुक्काम पाच महिन्यांच्या आत आटोपला, तर जुनी नोंद पुन्हा सुरू करून घेणे शक्य असते. तो काळ ओलांडला की सर्वसाधारणपणे नवी आय-२० आणि नव्या विद्यार्थ्यासारखी सगळी प्रक्रिया, गरज पडल्यास नवा व्हिसाही. नोकरीचा अनुभव घेण्याच्या ‘ओपीटी’ या सवलतीसाठी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकलेले असावे लागते, आणि असा खंड पडल्यास ते वर्ष नव्याने मोजले जाऊ शकते. कर्ज काढून गेलेल्या मुलाच्या दृष्टीने ही सवलत म्हणजे कर्जफेडीचा मुख्य आधार. त्यामुळे आजार सांगितला तर सगळेच जाईल, ही त्याची भीती अगदीच निराधार नसते. नियम आधीच माहीत असल्यास ती बरीच कमी होऊ शकते, एवढे नक्की.

आईवडिलांना आणखी एक धक्का बसतो. मुलगा महाविद्यालयात पाऊल ठेवतो तेव्हापासून त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क १९७४ च्या अमेरिकी कायद्यानुसार त्याचा स्वतःचा होतो. त्याच्या लेखी संमतीवाचून विद्यापीठ पालकांना माहिती देण्यास बांधलेले नसते. आरोग्य वा सुरक्षिततेची आणीबाणी आणि विद्यार्थी अमेरिकी करविवरणात पालकांवर अवलंबून दाखवलेला असणे, असे काही अपवाद आहेत. यांतील दुसरा पुण्या-मुंबईत कर भरणाऱ्या पालकांच्या कामाचा नाही. मुलाने जाण्यापूर्वीच किंवा पोहोचताच संमतीपत्र भरून ठेवणे हाच त्यावरचा साधा उपाय.

पंचाहत्तर टक्क्यांची चौकट

भारतात हा प्रश्न वेगळ्या अंगाने उभा राहतो. आपल्याकडे सक्तीची रजा देण्याचे प्रकार फारसे गाजले नाहीत, कारण रजा ही कल्पनाच पदवीच्या नियमांत पुरती रुजलेली नाही. इथला केंद्रबिंदू हजेरी. मुंबई विद्यापीठाचा अध्यादेश ६०८६ असो की इतर विद्यापीठांचे नियम, ७५ टक्के उपस्थिती हा सर्वसाधारण दंडक. तो पाळला नाही, तर टर्म मिळत नाही. परीक्षेच्या आधी महाविद्यालयाच्या फलकावर डिफॉल्टर लिस्ट लागते आणि मग वैद्यकीय दाखल्यांची धावपळ सुरू होते. खरा आजारी आणि खोटा दाखला आणणारा दोघेही एकाच रांगेत उभे राहतात. प्राचार्य दोघांकडेही सारख्याच संशयाने पाहतात, आणि त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. शंभर रुपयांत मिळणाऱ्या दाखल्यांनी खऱ्या आजाऱ्यांचे जे नुकसान केले आहे, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

मानसिक आजार असलेल्या विद्यार्थ्याची या रांगेत अधिकच कुचंबणा होते. पाय मोडला तर प्लास्टर दिसते. नैराश्य दिसत नाही. शिवाय मनोविकारतज्ज्ञाचा दाखला महाविद्यालयाच्या कार्यालयात द्यायचा, म्हणजे तो कारकुनापासून वर्गशिक्षकापर्यंत सगळ्यांच्या नजरेखालून जाणार. त्यापेक्षा घरचे ‘टायफॉइड’चा दाखला आणणे पसंत करतात. अशा तडजोडीने टर्म वाचते, पण पुढच्या सत्रात तोच त्रास पुन्हा झाला, तर दाखवायला काही राहत नाही. त्यातून वर्ष गेलेच, तर पुढच्या प्रवेशाच्या वेळी खंडाचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे रूढ भाषेत गॅप सर्टिफिकेट, द्यायचे आणि मुलाखतीत त्या वर्षाबद्दल उत्तर तयार ठेवायचे.

आयआयटींसारख्या स्वायत्त संस्थांत वैद्यकीय कारणासाठी संपूर्ण सत्र मागे घेण्याची सोय आहे आणि संलग्न महाविद्यालयांच्या तुलनेत ती पुष्कळ स्पष्ट आहे. संशोधक विद्यार्थिनींना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार प्रसूती व बालसंगोपनासाठी संशोधनकाळात एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या श्रेयांक बँकेच्या योजनेत मिळवलेले श्रेयांक सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात. ही योजना आजारी विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली नाही. तरीही वर्षभर थांबून पुन्हा सुरुवात करणाऱ्याला, आधीचे वाया गेले नाही, एवढा दिलासा तिच्यातून मिळू शकतो.

न्यायालयांची पावले

कायद्याचा आधार भारतात नाही, असे नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या परिशिष्टात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि वाजवी सोय-सवलत न देणे हा त्या कायद्यानुसार भेदभाव ठरतो. ही सवलत मागण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले. ते प्रकरण लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक मिळण्याचे होते, पण त्यातील तत्त्व परीक्षागृहापुरते मर्यादित नाही. २०१८ पासून अमलात असलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा तर आरोग्यसेवेच्या बाबतीत मानसिक व शारीरिक आजारांत भेद करू नये, असे सांगतो. अमेरिकेत रजेचे नियम बदलले ते याच प्रकारच्या तरतुदींच्या बळावर. आपल्याकडे त्यांचा उपयोग करून रजा मागणारा विद्यार्थी अद्याप विरळा.

हजेरीच्या नियमाला सर्वांत मोठा हादरा दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. दिल्लीतील एका विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला उपस्थिती कमी असल्याने परीक्षेला बसू दिले नाही आणि ऑगस्ट २०१६ मध्ये त्याने जीवन संपवले. त्या घटनेवरून स्वतःहून दाखल झालेल्या प्रकरणात न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल दिला. देशातील कोणत्याही मान्यताप्राप्त विधी महाविद्यालयाने केवळ उपस्थिती कमी म्हणून विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असे त्यात म्हटले आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के, अपवादात्मक परिस्थितीत ६५ टक्के उपस्थितीची अट होती. तिचा फेरविचार करण्यास न्यायालयाने सांगितले. तोवर महाविद्यालयांनी उपस्थितीची माहिती वेळोवेळी जाहीर करावी, पालकांना कळवावे, जादा वर्ग घ्यावेत, आणि अखेरीस फार तर पाच टक्के गुण किंवा ०.३३ श्रेणीगुण कापावेत, अशी व्यवस्था त्या निकालाने घालून दिली. घटना आणि निकाल यांत नऊ वर्षांहून अधिक काळ गेला, हेही नोंदवलेच पाहिजे.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे आदेश दिले. २४ मार्च २०२५ रोजी उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा व आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल स्थापन झाले. २५ जुलै २०२५ च्या निकालात पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून देण्यात आली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, मदतवाहिनीचे क्रमांक दर्शनी भागात लावावेत, असा त्यांचा भर होता. या आदेशांमागील पार्श्वभूमी आकड्यांत पाहायची, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता.

समुपदेशक नेमला, तरी त्याने विद्यार्थ्याला तीन महिने विश्रांतीचा सल्ला दिल्यावर पुढे काय, याचे उत्तर महाविद्यालयाच्या नियमपुस्तिकेत असावे लागते. अनेक पुस्तिकांत त्या जागी हजेरीचा तक्ता आहे.

रजेपूर्वी पाहायच्या गोष्टी

रजेचा अर्ज करताना नियम लेखी मागून घ्यावेत. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर असेलच असे नाही. मंजुरीच्या पत्रात रजेचा प्रकार, परतीची तारीख, परतताना लागणारी कागदपत्रे, भरलेल्या शुल्काचे काय होणार आणि वसतिगृहातील जागा राहणार की जाणार, एवढ्या गोष्टी स्पष्ट असाव्यात. गुणपत्रिकेवर नोंद कशी होईल, तेही विचारावे. ‘अनुत्तीर्ण’ आणि ‘वैद्यकीय कारणास्तव मागे घेतले’ यांत पुढील प्रवेशाच्या वेळी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. डॉक्टरांच्या दाखल्यात आजाराचा तपशील जितका आवश्यक तितकाच असावा. अभ्यासावर होणारा परिणाम आणि विश्रांतीचा अपेक्षित काळ मात्र नेमका लिहिलेला हवा. दाखला थेट अधिष्ठाता, प्राचार्य किंवा अपंगत्व कक्षाकडे बंद पाकिटात देता येतो का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

शैक्षणिक कर्ज असल्यास बँकेला वेळेत कळवावे. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम वेळेत पूर्ण न झाल्यास कमाल दोन वर्षांच्या मुदतवाढीची तरतूद आहे, पण ती आपोआप मिळत नाही. परदेशी विद्यापीठाचा विमा रजेच्या काळात चालू राहतो की नाही, हे अर्जावर सही करण्यापूर्वीच तपासावे, कारण उपचारांसाठीच रजा घ्यायची आणि त्याच दिवशी विमा संपायचा, असे प्रकार घडले आहेत. मानसिक त्रास तातडीचा असेल, तर कागदपत्रांची वाट पाहत बसू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही २०२२ मध्ये सुरू झालेली मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिच्यावर मराठीतही बोलता येते.